कोलोरॅडोत एल्कसाठी पहिलं कंपाउंड: धनुष्य, बाण आणि बाकीचा पसारा

पुणेरी_पठार:

नमस्कार मंडळी,

डेन्व्हरला येऊन दोन वर्षं होत आली. ऑफिसातला एक सहकारी दर सप्टेंबरला एल्कच्या (इथलं मोठं हरीण) मागे डोंगरात गायब होतो आणि वर्षभराचं मटण फ्रीझरमध्ये टाकून मोकळा होतो. त्याच्या नादाने मलाही खाज सुटली आहे. हंटर एज्युकेशनचं कार्ड काढून झालं (१ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत ते लागतं, म्हणजे इथल्या बहुतेक सगळ्यांना). एच-वन-बीवर असताना बंदुकीच्या भानगडीत पडायचं नाही असं बायकोने आणि मी, याच क्रमाने, ठरवलंय. त्यामुळे धनुष्य, तेही कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं.

शनिवारी इथल्या एका मोठ्या दुकानात जाऊन आलो. काउंटरवरच्या पोराने मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि काहीही न मोजता ७० पौंडांच्या ओढीचं, २९ इंच ड्रॉ लेंग्थचं (दोरी किती मागे येते ते माप) फ्लॅगशिप, म्हणजे कंपनीचं सगळ्यात वरचं मॉडेल, हातात दिलं. ओढायला गेलो तर धनुष्य छताकडे आणि मी मागच्या जॅकेटांच्या स्टँडवर. पोरगा म्हणाला, सवय होईल. किंमत तेराशे डॉलर. साइट (नेम धरायला), रेस्ट (बाण टेकवायला), बाण वेगळे.

माझं बजेट सगळं मिळून पंधराशे. उंची ५ फूट ७. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांपर्यंत ६८ इंच. याआधी धनुष्य कधी धरलेलं नाही. शिकार पुढच्या सप्टेंबरात, म्हणजे सरावाला वेळ आहे. काय घेऊ आणि किती पौंडांचं?

गोफणगुंडा:

पठार, त्या पोराचं ऐकू नका. २९ इंच हे त्याचं माप असेल, तुमचं नाही.

हात पसरून आलेल्या मापाला अडीचने भागा. ६८ भागिले २.५ म्हणजे २७.२. सुरुवात २७ किंवा साडेसत्तावीसवर करा, आणि अर्ध्या-अर्ध्या इंचाने बदलता येईल असा कॅम (टोकाचं चाक) असलेलं मॉडेल बघा. दीड-दोन इंच लांब ड्रॉचं धनुष्य घेतलंत की पुढचा हात कोपरात कडक होतो, दोरी हाताच्या आतल्या बाजूला फटकारते आणि मान मागे टाकून दोरीतल्या पीपमधलं बघायचं भोक शोधत बसावं लागतं. मग साइट कितीही महागाची लावा, बाण डावी-उजवीकडे सांडतच राहणार.

पौंडांचा प्रश्न खुर्चीवर बसून सुटतो. खुर्चीत बसा, पाय जमिनीपासून जरा उचला, धनुष्य समोरच्या निशाण्यावर रोखून तसंच सरळ मागे ओढा. पुढचा हात वर न जाता ओढता आलं तर ते वजन तुमचं. नाही आलं तर पाच पौंड उतरवा आणि पुन्हा बघा. पहाटेच्या थंडीत तासभर गोठून बसल्यावर, एल्क तीस यार्डांवर असताना, आकाशाकडे धनुष्य नेऊन ओढलंत तर पहिलं लक्ष त्याचंच जाणार.

कोलोरॅडोचा कायदा किमान ३५ पौंड म्हणतो, आणि ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाचं पात्यांचं टोक) किमान ७/८ इंच रुंद, पोलादाच्या निदान दोन धारांचं. ३५ हा कायद्याचा तळ आहे, शिफारस नाही. ५० ते ६० पौंडांचे लिम्ब (धनुष्याचे वाकणारे हात) असलेलं धनुष्य घ्या. हिवाळ्यात ५० वर सुरू करा, उन्हाळ्यापर्यंत हळूहळू बोल्ट आवळत ६० ला या. साठ पौंड एल्कला भरपूर झाले.

आता जाहिरातीतला बाणाच्या वेगाचा ३४०-३५० फूट प्रति सेकंद हा आकडा. तो ७० पौंड, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेनचा (बाणाच्या वजनाचं एकक) हलका बाण या हिशेबाने काढलेला असतो. तुमचं यातलं काहीच नाही. ड्रॉ इंचभर कमी झाला की साधारण दहा फूट जातात. दहा पौंड उतरवले की पंधरा-वीस. बाण दर तीन ग्रेननी जड झाला की आणखी एक. तुमच्या हातात ३४० वालं धनुष्य २५५-२६० देईल, आणि त्याने काही बिघडत नाही.

हॉइट, मॅथ्यूज, पीएसई, बोटेक, एलिट, बेअर... यातलं हातात बसेल ते घ्या. दोनतीन वर्षं जुनं फ्लॅगशिप वापरलेलं पाच-सहाशेला मिळतं. फक्त घेताना खिशात कापसाचा बोळा न्या आणि लिम्बवर सगळीकडून फिरवा. बारीक चीर असली तर डोळ्याला दिसत नाही, पण कापसाचा तंतू तिथे अडकतो. तंतू अडकला की नमस्कार करून बाहेर पडा. कॅमच्या कडेवर बोट फिरवा, खरवड लागली तर कोणीतरी बाण न लावता दोरी सोडलेली आहे असं समजा. दोरी आणि केबल जुन्या असतील तर शे-दीडशे डॉलर वेगळे धरा.

जाता जाता: एच-वन-बीवाल्यांना बंदुकीसाठी संघीय कायद्यात मनाई आहे, शिकारीचं वैध लायसन हा त्यातला एक अपवाद. धनुष्य त्या कायद्यात येतच नाही. तरी बायकोचं बरोबर आहे.

शनिवारवाडा_वेस्ट:

एकलव्याची आठवण झाली. अंगठा सांभाळा हो.

गोफणगुंडा:

शनिवारवाडा, विषय काढलातच तर रिलीजबद्दलही सांगून टाकतो. कंपाउंडची दोरी बोटांनी ओढायची नसते. दोरीला डी-लूप बांधतात आणि त्यात रिलीज अडकवतात. मनगटाला पट्ट्याने बांधायचं, तर्जनीने ट्रिगर दाबायचं ते शिकारीत सगळ्यात जास्त चालतं. हरवत नाही, पटकन अडकतं. पण नवख्याने तर्जनी घेतली की काही महिन्यांत खोड लागते: पिन निशाण्यावर आली रे आली की बोट झटका देतं. इथे याला टार्गेट पॅनिक म्हणतात आणि भल्याभल्यांची त्याने वाट लावली आहे. थंब बटन घ्या. बटन अंगठ्याच्या बुडाशी टेकवून, पाठीचे स्नायू आवळत नेले की बाण आपसूक सुटतो. शे-सव्वाशे डॉलर लागतील. ही जागा पैसे वाचवायची नाही.

सातारचा_नेम:

मी शिकारवाला नाही, टार्गेट कंपाउंड खेळतो. साताऱ्यात हल्ली प्रत्येक घरी कुणाचा तरी भाचा धनुष्य घेऊन फिरतोय, २०२३ नंतर तर विचारूच नका. (बर्लिनला जागतिक स्पर्धेत आदिती स्वामी आणि ओजस देवतळे दोघांनी वैयक्तिक सुवर्ण मारलं. ओजसने फायनलला १५० पैकी १५०. दोघंही साताऱ्याच्या मैदानात घडलेली, ओजस मूळचा नागपूरचा.)

गोफणगुंडांशी ड्रॉ लेंग्थबाबत शंभर टक्के सहमत. एक मुद्दा जोडतो. लोक म्हणतात ७० पौंडांशिवाय कंपाउंड कसलं, पण जागतिक स्पर्धांमध्ये मर्यादाच ६० पौंडांची आहे आणि तेवढ्यावर ही मंडळी ५० मीटरवर बिस्किटाएवढ्या दहाच्या गोलात बाण घालतात.

जिथे मला शंका आहे ते धनुष्याच्या लांबीबद्दल. शिकारीची धनुष्यं हल्ली ३० इंचांच्या आसपास येतात. दोन्ही ॲक्सलमधलं (कॅम ज्यांवर फिरतात त्या आसांमधलं) अंतर जितकं कमी, तितकं धनुष्य हातात चुळबुळ करतं. आम्ही ३७-४० वापरतो. नवख्याला लांब धनुष्य जास्त माफ करतं. पठार यांनी निदान ३३-३४ बघावं असं मला वाटतं.

बाकी कंपाउंडची मूळ गंमत लेट-ऑफमध्ये आहे. मिसूरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांनी १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये ते मिळालं. कॅम लंबगोल असल्याने ओढ एका टप्प्यावर शिखराला जाते आणि मग एकदम कोसळते. ६० पौंडांच्या धनुष्यात ८० टक्के लेट-ऑफ असेल तर पूर्ण ओढल्यावर हातात उरतात फक्त १२ पौंड. बिनचाकाच्या रिकर्व्ह धनुष्यवाल्याला हे सुख नाही.

रानवाटा:

सातारचा_नेम, मैदानावर तुमचं बरोबर. पण स्प्रूसच्या दाट झाडीत गुडघ्यावर बसून ४० इंची धनुष्य फिरवून बघा एकदा. ३१ ते ३३ मध्ये तडजोड होते. ब्रेस हाइट (न ओढता मूठ आणि दोरी यांतलं अंतर) मात्र साडेसहा इंचांच्या खाली जाऊ नये. ती जितकी कमी तितका बाण दोरीवर जास्त वेळ राहतो, वेग वाढतो आणि हाताची प्रत्येक चूक बाणात उतरते.

मी मोंटानात, बोझमनजवळ. माझा ड्रॉ २६ इंच, वजन ४८ पौंड. हे मुद्दाम लिहितेय, कारण अशा चर्चा वाचून बायका आणि बारक्या चणीचे पुरुष उगाच घाबरतात. माझा बाण ४२० ग्रेनचा, वेग २१२ च्या आसपास. ऊर्जेचं सूत्र सोपं आहे: ग्रेन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४५०२४०. माझं उत्तर येतं ४२ फूट-पौंड. बाण बनवणाऱ्या ईस्टन कंपनीचा जो तक्ता सगळीकडे फिरतो त्यात एल्कच्या गटासाठी ४२ ते ६५ दिलंय, म्हणजे मी अगदी उंबरठ्यावर. तरीही मादी एल्कच्या दोन्ही फुप्फुसांतून बाण पार होऊन पलीकडच्या गवतात पडलाय. पण तिथे तीन अटी होत्या: अंतर पंचविसाच्या आत, जनावर पूर्ण आडवं, आणि ब्रॉडहेड दोन पात्यांचं, टोकापासूनच कापणारं, दाढी करता येईल इतकं धारदार. यातली एक जरी अट नसती तर मी बाण सोडला नसता.

लेट-ऑफचं खरं मोल तेव्हाच कळलं. मी ओढलं आणि ती थांबली. तिचं डोकं झाडामागे, छाती फांदीमागे, आणि एक कान माझ्या बाजूला. खाली सोडावं तर हालचाल दिसणार. हातावर दहाच पौंड असल्याने धरून ठेवता आलं. तरी शेवटी खांदा थरथरायला लागला होता. तिने एक पाऊल पुढे टाकलं तेव्हा कुठे बरगड्या मोकळ्या दिसल्या.

टेक्सास_तात्या:

सगळे कमी पौंडांचे गोडवे गाताहेत म्हणून उलटं बोलतो. मी ७५ पौंड ओढतो, २९ इंच, मेकॅनिकल ब्रॉडहेड (लागल्यावर पाती उघडणारं), दोन इंच कट. रानडुकरं आणि हरणं धडाधड पडतात. रक्ताचा माग असा की आंधळ्यानेही शोधावा. (इकडे खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असली की रानडुकरासाठी २०१९ पासून लायसनही लागत नाही. या एकदा.) ब्रॉडहेड ट्यून करायची कटकट नाही, फील्ड पॉइंटसारखंच (सरावाचं बिनपात्यांचं टोक) जातं. पठार तरुण आहे, जिम लावेल, सत्तरला काय धाड भरलीय?

गोफणगुंडा:

तात्या, तुमच्या ७५ पौंड आणि २९ इंचांमागे ऊर्जेचा ढीग आहे, त्यातली थोडी पाती उघडण्यात गेली तरी फरक पडत नाही. पठार यांचा हिशेब करा. ६० पौंड, साडेसत्तावीस इंच, सव्वाचारशे ग्रेनचा बाण, २५५ चा वेग: ६१ फूट-पौंड. पुरेसं आहे, पण उधळायला नाही. मोठा नर एल्क ३०० किलोच्या पुढे जातो. तुमच्या हरणाच्या चौपट-पाचपट. खांद्याच्या हाडाच्या कडेला मेकॅनिकल लागलं तर पाती उघडतात आणि बाण तिथेच अडतो. एल्कसाठी त्यांनी फिक्स्ड ब्लेडच घ्यावं. तीन पात्यांचं १०० ग्रेनचं चालेल, १२५ असेल तर अजून बरं.

आणि सत्तर ओढता येणं वेगळं, दहा हजार फुटांवर धापा टाकत चढून आल्यावर सत्तर ओढता येणं वेगळं.

मनुकाका:

एवढं गणित एका मुक्या जीवाला मारायला? भाजी मंडईत जायचं की.

रानवाटा:

मनुकाका, मत मान्य. मी घरी दुकानातलं मटण आणत नाही, वर्षाला एक एल्क पुरतो. आणि ३० पौंड किंवा त्यावरच्या प्रत्येक धनुष्यावर इथे ११ टक्के संघीय कर असतो, जो वन्यजीव खात्यांकडेच जातो. मूळ कायदा १९३७ चा, धनुष्यबाण त्यात १९७२ मध्ये आले. गणित एवढ्यासाठी की जनावर लवकर पडावं. यावर वेगळा धागा काढा, तिथे मनसोक्त भांडू.

कोकणातला_बंड्या:

भारी धागा, वाचनखूण साठवली. आमच्याकडे रत्नागिरीला डुकरांनी भाताचा पार चिखल केलाय. अमेरिकेतून येताना कुणी असलं एखादं कंपाउंड आणून देईल का? पैसे देतो.

गोफणगुंडा:

बंड्या, अजिबात नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. पीक खाणाऱ्या डुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते, आणि परवानगी मिळाली म्हणजे हातात येईल त्याने मारा असा अर्थ होत नाही. नुकसानभरपाईचा अर्ज करा, कुंपणाच्या योजनेची चौकशी करा. कंपाउंड शिकायचंच असेल तर सातारकरांना गाठा.

चिकट_नवरा:

एवढा सराव करण्यापेक्षा क्रॉसबो घ्यायचा सरळ. दुर्बीण लावा, चाप ओढा, संपलं.

रानवाटा:

कोलोरॅडोत आर्चरी सीझनमध्ये क्रॉसबो चालत नाही, अपंगत्वाचा खास परवाना असेल तरच. तो रायफलच्या सीझनमध्ये वापरता येतो. आणि सप्टेंबर सोडून एल्कच्या मागे जायचं तर मग नरांचं बुगलिंग (त्यांची आरोळी) ऐकायला मिळणार नाही, जे अर्ध्या लोकांचं निम्मं कारण असतं.

पुणेरी_पठार:

सगळ्यांचे आभार. गावाबाहेर एक छोटं प्रो-शॉप आहे, तिथे गेलो. म्हाताऱ्या मालकाने आधी तोंडासमोर दोन्ही तळव्यांचा त्रिकोण करायला लावून कोणता डोळा मुख्य ते पाहिलं, मग मोजलं: साडेसत्तावीस. खुर्चीची परीक्षाही झाली. ५२ पौंड सरळ ओढले, ५५ ला हात वर जायला लागला.

वापरलेलं, ५०-६० लिम्बचं, ३२ इंची धनुष्य ५५० ला ठरवतोय. कापसाचा बोळा फिरवला, मालक हसला पण काही बोलला नाही. आता बाकीचं सांगा. साइट एक पिनची की पाच पिनची? रेस्ट कोणतं? बाण? आणि रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) खरंच लागतो का, की ते चोचले?

गोफणगुंडा:

मालक चांगला आहे, त्याला धरून राहा.

साइट: तीन पिन, २०, ३० आणि ४०. एका पिनची सरकती साइट दिसायला स्वच्छ असते, पण तुम्ही ३० ला लावून ओढलंत आणि एल्क चालत २० वर आला की चाक फिरवायला हात कुठून आणणार? पाच पिनांचा गर्दा पहिल्या वर्षी नको. सव्वाशे-दीडशेत चांगली येते. बॅटरीचे दिवे, साइटलाच बसवलेला रेंजफाइंडर असल्या गोष्टींचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, त्यांच्या वाटेला न गेलेलं बरं.

रेस्ट: ड्रॉप-अवे. बाण सुटला की खाली पडतं, त्यामुळे पिसांना घासत नाही. ब्रशासारख्या गोल केसांत बाण धरून ठेवणारं व्हिस्कर बिस्किट स्वस्त आणि बिनबोभाट. पडझडीत बाण सुटत नाही. पैसे कमी पडले तर ते घ्या, कुणी हसलं तर हसू दे.

बाण: इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. स्पाइनचा आकडा जितका लहान तितका दांडा कडक. ४०० चा अर्थ असा की २८ इंचांच्या अंतरावर टेकवलेल्या दांड्याच्या मध्यावर ८८० ग्रॅमचं वजन टांगलं तर तो ०.४०० इंच वाकतो. तुमच्या ६० पौंड, २८ इंची बाण, १०० ग्रेन टोक या जोडीला ४०० च्या आसपास येतं. टोक १२५ केलंत किंवा पुढे पितळी इन्सर्ट (टोक बसवायचा तुकडा) घातलंत तर बाण मऊ वागायला लागतो, मग ३४० कडे सरका. कंपनीचा तक्ता बघा आणि मालकाला विचारा. एकूण वजन ४२५ ते ४५० ग्रेन, म्हणजे पौंडाला सातच्या वर. पौंडाला पाच ग्रेनच्या खाली कधी जाऊ नका, हलक्या बाणाने धनुष्याची सगळी ताकद लिम्बवरच उलटते. बाणाचा तोल पुढे झुकलेला असावा, मध्यापासून लांबीच्या १० ते १५ टक्के. पुढे जड असलेला बाण वाऱ्यात आणि हाडाजवळ दोन्हीकडे सरळ वागतो.

रेंजफाइंडर चोचले नाहीत. २५५ च्या बाणाला ३० आणि ४० यार्डांतला फरक म्हणजे चांगलाच खाली. डोंगरात तर डोळा हमखास फसतो. उताराचा कोन धरून आडवं अंतर सांगणाराच घ्या. ३० अंशाच्या उतारावर ४० यार्ड दिसणारा एल्क प्रत्यक्षात साडेचौतीसचा म्हणून मारायचा असतो. चाळीसची पिन लावलीत तर पाठीवरून जाईल.

आणि दहा डॉलरची एक गोष्ट: टाल्कची फुंकायची बाटली. एल्कचे डोळे-कान चुकवता येतात, नाक नाही. सकाळी थंड हवा दरीकडे वाहते, ऊन चढलं की वर, संध्याकाळी पुन्हा खाली. बाटली दाबा, पावडर कुठे जाते बघा, त्यावरून कुठे बसायचं ते ठरवा. पंधराशेच्या यादीत ही पहिली लिहा.

टेक्सास_तात्या:

टाल्कला +१. स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारी दांडी) विसरलात. आणि क्विव्हर, म्हणजे भाता.

गोफणगुंडा:

सहा-आठ इंची छोटा स्टॅबिलायझर पुरे. क्विव्हर ब्रॉडहेडची पाती पूर्ण झाकणारं घ्या. उतारावर घसरून पडल्यावर स्वतःच्याच ब्रॉडहेडने मांडी फाडून घेतलेले लोक दवाखान्यात दर सीझनला दिसतात.

पुणेरी_पठार:

जूनची खबर देतो. ६० पौंडांवर आलो. ३० यार्डांवर फील्ड पॉइंट सगळे मुठीएवढ्या जागेत. काल पहिल्यांदा ब्रॉडहेड लावलं आणि ४० वरून सगळे पाच-सहा इंच डावीकडे! साइट सरकवू का?

रानवाटा:

साइटला हात लावू नका! फील्ड पॉइंट बरोबर जाताहेत ना, मग साइट बरोबर आहे. ब्रॉडहेडची पाती पुढच्या पिसांसारखी हवा पकडतात, त्यामुळे बाण धनुष्यातून जरासा तिरका निघत असेल तर ते चुगली करतात. फील्ड पॉइंट ते झाकून नेतात.

आधी एक कागद चौकटीत ताणून दोन-तीन पावलांवरून बाण मारा. स्वच्छ गोल भोक आणि पिसांच्या तीन चिरा आल्या तर छान. भोक एका बाजूला आणि पिसं दुसऱ्या बाजूला फाडून गेली असतील तर शेपूट फेकतोय. पकड सैल करून पुन्हा मारा, बऱ्याचदा रोग मुठीतच असतो. तरीही डावीकडेच गेले तर रेस्ट उजवीकडे सरकवा, १/३२ इंच, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा ४० वर एक फील्ड पॉइंट, एक ब्रॉडहेड. जवळ आले की आणखी तेवढंच. नियम एकच: ब्रॉडहेडने फील्ड पॉइंटचा पाठलाग करायचा. आणि प्रत्येक ब्रॉडहेडचा बाण टोकावर फिरवून बघा, डुगडुगला तर तो सरावाला.

कॅम किंवा दोरीशी खेळायचं असेल तर प्रेस (धनुष्य दाबून धरायचं यंत्र) असलेल्या दुकानातच. घरी गॅरेजमध्ये स्क्रू-ड्रायव्हर घेऊन नको.

गोफणगुंडा:

आणि आता रोज पन्नास बाण मारणं बंद करा. सकाळी उठल्या उठल्या, अंग गार असताना, एकच बाण. गुडघ्यावर बसून, जॅकेट घालून, पाठीवर पिशवी. तोच बाण शिकारीत मोजला जातो, पंधरावा नाही. जेवणाच्या कागदी ताटात ज्या अंतरावर असा पहिला बाण न चुकता बसतो ते तुमचं अंतर. ३५ निघालं तर ३५. सहकारी ६० वरून मारतो ही त्याची अडचण. ४० यार्डांवर तुमचा बाण पोचायला जवळपास अर्धा सेकंद लागतो, दोरीचा आवाज त्याच्या आधीच पोचलेला असतो. तेवढ्यात एल्क एक पाऊल टाकतो आणि फुप्फुसाचं पोट होतं.

जनावर आडवं किंवा किंचित पलीकडे वळलेलं असेल तरच. समोरून छातीत मारायचा मोह होईल. पहिल्या वर्षी नाही.

बाण लागल्यावर धावत सुटायचं नाही. अर्धा-पाऊण तास बसा. बाण सापडला तर हुंगून बघा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस. काळपट लाल म्हणजे यकृत, तीन-चार तास थांबा. हिरवट आणि घाण वास म्हणजे पोट, तर मग दहा-बारा तास, रात्र गेली तरी. पाठलाग केलात तर तो उठून पलीकडच्या खोऱ्यात जातो आणि मग तुम्हाला मिळत नाही, कोल्ह्यांना मिळतो.

पुणेरी_पठार:

हिशेब लिहून ठेवतो, पुढच्या कुणाला उपयोगी पडेल. धनुष्य ५५०, नवी दोरी-केबल बसवून १४०, साइट १३०, रेस्ट १००, थंब रिलीज ११०, डझनभर बाण कापून १५०, ब्रॉडहेड ४५, रेंजफाइंडर २२०, स्टॅबिलायझर-क्विव्हर वापरलेले ६०. पंधराशे पाच. टाल्कची बाटली बायकोने घरीच करून दिली.

रानवाटा:

पठार, यादीत मांस आणायचं सामान कुठाय? फ्रेमची पाठपिशवी, कापडी गेम बॅग, चांगली सुरी. नर पडला तर हाडं काढूनही शंभर किलोच्या घरात मांस निघतं आणि ते डोंगरात सोडून येणं कायद्याने गुन्हा आहे. चारही पाय, पाठीचे दोन्ही लांब तुकडे, आतले टेंडरलॉइन सगळं आणायचं. लिंगाचा पुरावा मांसाला जोडलेला ठेवायचा. सप्टेंबरात दुपारी ऊन असतं, कातडं लवकर काढून मांस सावलीत टांगायचं, आणि अस्वलं असतात. गाडीपासून तीन मैलांवर मारलंत तर फेऱ्या मोजत बसाल. म्हणून बाण सोडायच्या आधी मागे वळून गाडी कुठे आहे ते बघायचं.

तुमच्या युनिटमध्ये सीडब्ल्यूडीची तपासणी सक्तीची आहे का तेही त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा. हरणांचा हा मेंदूचा रोग पहिल्यांदा दिसला तो फोर्ट कॉलिन्सलाच, १९६७ मध्ये. रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवा.

सांगली_टू_सिएटल:

उशिरा आलो. माझा उजवा हात चालतो पण तळव्यांच्या त्रिकोणात डावा डोळा निघाला. आता काय? उजव्या हाताचं धनुष्य आधीच घेऊन बसलोय, एका वेबसाइटवरून.

गोफणगुंडा:

सिएटल, परत करता येत असेल तर परत करून डाव्या हाताचं घ्या. नवखे आहात, दोन महिन्यांत हात वळतो. डोळा वळत नाही. परत जात नसेल तर डावा डोळा मिटून मारा, काही जण टोपीच्या कडेला पट्टी लावून तो झाकतात. चालतं, पण पहाटेच्या कमी उजेडात एका डोळ्याने अंतर आणि फांद्या दोन्ही नीट दिसत नाहीत. आणि तुम्ही वॉशिंग्टनमध्ये, तिथले नियम वेगळे, त्यांचं माहितीपत्रक आधी वाचा. उंची आणि पसरलेल्या हातांचं माप टाका, पुढचं बोलू.